याडीची डाळमिल

"आधी जेवा, मंग लिवा."

पिशवीतून मी फाईल काढली की ती हे म्हणणारच. नुसतं म्हणून थांबायची नाही, वरणाची ताटली आणून सरळ फाईलवर ठेवायची. त्यामुळे तिच्या बंजारा तांड्यावरून आलेल्या प्रत्येक कागदावर कुठे ना कुठे हळदीचा पिवळा डाग असायचाच. तालुक्याच्या कार्यालयातले आमचे बाबू तो डाग पाहून म्हणायचे, "मॅडम, हे तुमच्या याडीचं दिसते." गावाचं नाव वाचायची त्यांना गरज पडत नसे.

मी कृषी सहाय्यक आहे. राळेगाव तालुक्यातली काही गावं माझ्याकडे आहेत. काम ऐकायला सोपं आहे: सरकारची योजना शेतकऱ्यापर्यंत न्यायची. प्रत्यक्षात मी काय नेते म्हणाल, तर कागद नेते आणि कागद आणते. तुमच्यापैकी ज्यांनी कधी एखाद्या अनुदानासाठी चपला झिजवल्या असतील त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि ज्यांनी झिजवल्या नाहीत त्यांना सांगून ते पटायचं नाही.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तांड्यातल्या लेकरांपासून तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकापर्यंत सगळे तिला याडीच म्हणत, मीही म्हणायला लागले. उंच, काटक बाई. साधं सुती लुगडं, हातभर गोंदण, पायात प्लास्टिकच्या चपला. बोलताना समोरच्याचा दंड धरून बोलायची, त्यामुळे तिच्या तावडीतून निसटायची सोय नसे. मी कितीतरी वेळा घड्याळाकडे पाहिलं असेल, पण तिनं दंड सोडला तेव्हाच माझी स्कूटी सुरू झाली.

पहिल्यांदा तांड्यावर गेले ती कपाशीवरच्या बोंडअळीचं सांगायला. बायका समोर बसल्या होत्या, मी सापळे कसे लावायचे ते दाखवत होते. सगळं संपल्यावर कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटलं. याडी उठली. बोंडअळीचा विषयच नाही.

"मॅडम, तूर आमी पिकवतो. अन् डाळीची पुडी दुकानातून आनतो. असं काहून?"

मी समजावून सांगितलं. तूर व्यापारी घेतो, तो मोठ्या मिलला देतो, तिथे डाळ होते, ती शहरात जाते, मग पुडीतून परत येते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मले मालूम हाये. पन असं काहून?"

तोच प्रश्न पुन्हा आला, म्हणून मी चिडले. चिडले की मी आवाज चढवते, ही माझी सवय आहे. तिच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिनं दंड धरला आणि जेवायला घरात नेलं.

त्या दिवशी जेवताना तिनं सांगितलं ते मी विसरू शकत नाही. तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या खळ्यावर तूर झोडपण्यात गेलं. पुढे घरची जमीन झाली, कपाशी, सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. पण घरात तूर असून वरण नाही. आधी जात्यावर भरडायची ताकद नाही, नंतर जातंच राहिलं नाही. "आमच्या बाळंतपनात वरनाचं पानी प्यालो मॅडम. डाळ बुडाशी शोधा लागे," ती म्हणाली. म्हणून तिला तांड्यातच डाळमिल पाहिजे होती, पण ती व्यापार करायला नाही. तांड्यातल्या तुरीचं वरण तांड्यातल्या ताटात पडावं, एवढंच तिला हवं होतं. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तिच्याशी ते तिथेच येऊन थांबायचं.

पुढे खरंच योजना आली. गावचं धान्य गावातच तयार व्हावं, स्थानिक अन्नाला बळ मिळावं, असं त्यात छान छान लिहिलं होतं. तालुक्याला एक डाळमिल, महिला गटाला प्राधान्य. मिल सरकार देणार, चालवायची गटानं. पहिला हंगाम झाला की तपासणी. मिल चालू आढळली तर ती कायमची गटाची. बंद आढळली तर उचलून दुसऱ्या गटाला. आणि हे सगळं पत्र आमच्याकडे आलं ते मार्च तोंडावर आल्यावर, म्हणजे नेहमीप्रमाणे.

मी याडीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आत ती गटातल्या बायकांना घेऊन पायरीवर बसलेली.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. आधार कार्डावर तिचं नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेच्या पुस्तकात तिसरंच. जागेचा ठराव झाला तर त्यावर शिक्का नाही. शिक्का मिळाला तर सही करणारे रजेवर. थ्री फेजची लाईन तांड्याच्या तोंडाशी येऊन थांबलेली, पुढे खांब नाही. मी वैतागून घरी रोज कुणावर तरी ओरडत असे. याडीनं मात्र कुणावर आवाज चढवला नाही. तिनं ग्रामसेवकाला जेवू घातलं, तलाठ्याला जेवू घातलं. लाइनमनला तर इतक्या वेळा जेवू घातलं की शेवटी तो खांबासाठी आला की जेवणासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण खांब उभा राहिला. नायकानं आपला बैलांचा गोठा रिकामा करून दिला, बायकांनी भिंती सारवल्या, सिमेंटचा चौथरा बांधला आणि मिल त्यावर बसली.

पहिली डाळ पडली तेव्हा मी हजर होते. यंत्राचा आवाज एवढा की शेजारी बोललेलं ऐकू येईना. एका तोंडातून टरफल उडत होतं, दुसऱ्यातून चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि तिसऱ्यातून पिवळीधमक डाळ. याडीनं ओंजळ खाली धरली. ओंजळ भरून सांडायला लागली तरी ती हलेना. मला वाटलं आता रडते की काय. पण ती वळून बायकांना म्हणाली, पाट्या आना, सांडून राह्यली. मलाच भरून आलं होतं, ते मी धुळीवर ढकललं.

आणि मग सुरू झाली माझी डोकेदुखी.

मिलमध्ये एका वेळी भरपूर तूर टाकली तर ती नीट चालते. पण तांड्याची पद्धत वेगळी. प्रत्येक बाई आपला तुरीचा कट्टा, म्हणजे पोतं, आणणार, त्याला आपल्या लुगड्याची चिंधी बांधणार, आणि तिच्या तुरीची डाळ तिलाच मिळाली पाहिजे. म्हणजे एकीची तूर संपली की मिल बंद, आतून झाडून घ्यायची, मग दुसरीची. दिवसभरात होऊ शकतं त्याच्या निम्मंही काम होईना. मी याडीला म्हटलं, अहो, सगळ्यांची तूर एकत्र टाका आणि वजनानं डाळ वाटून घ्या, हिशेब तोच येतो.

ती हसली. म्हणाली, "मापानं तं माह्या अन् शेजारनीच्या पोट्ट्याईचे सदरेबी सारकेच हायेत. म्हनून माह्याले तिचा अन् तिच्याले माहा घालाचा का?"

मी हात टेकले.

दुसरं म्हणजे पैशाचा व्यवहारच नाही. भरडायचं मोल म्हणून प्रत्येक बाई चुनी मिलमध्ये सोडून जायची आणि वर एक वाडगाभर डाळ पत्र्याच्या कोठीत टाकायची. चुनी शेळ्यांना. कोठीतली डाळ बाळंतिणीच्या घरी, एकट्या म्हाताऱ्याच्या घरी, आजारी माणसाच्या घरी. किती द्यायची हे याडी ठरवायची आणि तिचा शब्द कुणी मोडत नसे. विजेचं बिल आलं की प्रत्येक घर आपला वाटा काढून द्यायचं. कामाला इतकी सोपी पद्धत मी दुसरी पाहिली नाही. पण अहवालात रकाना होता विक्रीचा. पावती नाही, पिशवी नाही, पिशवीवर नाव नाही. विक्री शून्य.

मी तिला बजावलं की थोडी तरी डाळ छापील पिशवीत भरा, विका, पावत्या ठेवा. निदान तांड्यातल्या लोकांनाच विका. तिला ते समजेचना.

"आमची डाळ आमालेच इकाची? अन् वरून पावती फाडाची?"

म्हटलं, हो, तसंच. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच मी काहीतरी अचरट बोलले असं वाटलं. पण कागद तसाच मागत होता, मी काय करू? मी तिच्या बाजूनं भांडायला कार्यालयात जायची आणि कार्यालयाच्या बाजूनं भांडायला तिच्याकडे. दोन्हीकडे हरून घरी यायची.

तपासणीचं पत्र आलं. जिल्ह्याहून साहेब येणार, अकरा वाजता. मी आदल्या दिवशी तांड्यावर जाऊन आले. बाकी काही नको, मिल चालू दिसली पाहिजे, असं याडीला बजावून बजावून सांगितलं. ती प्रत्येक वेळी हो म्हणाली. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट पहाटेपासून दुपारी बारापर्यंत होती. अकराला साहेब आले की अर्ध्या तासात काम संपणार होतं. मला वाटलं, आता सुटलो.

मी साहेबांच्या गाडीतच होते. आधी दुसऱ्या एका गावात उशीर झाला, मग चहा झाला, मग रस्ता चुकला. तांड्यावर पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पण त्याचं काय घेऊन बसलात? आम्ही अकराला पोहोचलो असतो तरी जेवणात बारा वाजून तेच झालं असतं.

मिल बंद होती. नुसती बंद नाही, झाडूनपुसून, धुऊन, चकचकीत करून बंद. वर झेंडूचा हार, समोर रांगोळी. मिलवाल्या बायका एकजात नवी लुगडी नेसून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांशी बसलेल्या, रोडगे भाजत. सकाळी उजाडताच त्यांनी डाळ काढली होती. आणि साहेब येणार म्हणून घाईनं मिल थांबवून स्वच्छ केली होती.

मी याडीला बाजूला घेऊन विचारलं, हे काय केलं? चालू ठेवा म्हटलं होतं ना?

"चालूच हाये मॅडम. ही काय, सकायचीच डाळ." तिनं सुपातली डाळ दाखवली. "पन पाहुन्याच्या अंगावर कोंडा उडवाचा का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण आता काय करणार होते? पाहुणा दारात असताना धुळीचं काम काढायचं नाही, ही त्यांची रीत. ती मोडायला पाहिजे हे त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. साहेब म्हणजे त्यांच्यासाठी मिल देणाऱ्या सरकारचा माणूस. त्याच्यासमोर मिल अशी ठेवायची, जसं घर ठेवतात.

साहेब माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला पाहिजे. त्यांनी कागद काढले आणि याडीनं तिचं वाक्य म्हटलं. ते हसले, हात धुऊन बसले. रोडगे, वांग्याची भाजी आणि फोडणीचं वरण. त्यांनी वरण मागून घेतलं, पुन्हा मागून घेतलं, असं वरण लहानपणी आजोळी खाल्लं होतं म्हणाले. सोबतचा मोबाईलवाला मदतनीस तर वाटीच तोंडाला लावून प्यायला. बायका एकमेकींकडे पाहून लाजत होत्या. ते वरण त्याच मिलमधल्या डाळीचं होतं, त्याच सकाळच्या.

जेवणं झाल्यावर साहेब उठले. चला, चालवून दाखवा. याडीनं हार उतरवला, बटण दाबलं. लाईट बारालाच गेली होती.

मी म्हटलं, साहेब, लाईट उद्या पहाटे येईल, मी स्वतः व्हिडिओ काढून पाठवते. तसं चालत नाही म्हणाले, फोटो आत्ताच्या वेळेचा आणि याच जागेचा लागतो. मी म्हटलं, ही डाळ बघा, ही चुनी बघा, टरफलाचा ढीग बघा, तुम्ही जेवलात ते वरण कशाचं होतं? ते अवघडले. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात दोनच पर्याय होते, चालू आणि बंद.

"वरणाचा पर्याय यात नाही, मॅडम," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, असला तर थकवाच होता.

फोटो निघाला. झेंडूच्या पाकळ्या अजून मिलवर पडलेल्या, शेजारी याडी पदर सावरून उभी. खाली लिहिलं गेलं: संयंत्र बंद आढळले. विक्री निरंक. निघताना याडीनं दोघांच्या हातात वाटेसाठी रोडगे बांधून दिले आणि त्यांनी ते घेतले.

गाडी गेली आणि मी तिच्यावर तोंड सोडलं. काय काय बोलले ते सांगत नाही. ती ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"जेवल्यावर मानूस खोटं कसं लिवते, मॅडम?"

मी म्हटलं, खोटं नाही लिहिलं त्यांनी. मिल बंदच होती ना?

"मंग जेवले काय ते?"

तुम्हाला वाटेल की ती चिडली होती. तसं नव्हतं. तिला खरोखर कळत नव्हतं. तिच्या हिशेबात वरण खाल्लं म्हणजे मिल पाहिली. त्यापेक्षा मोठी तपासणी कोणती असते, हे तिला कुणी सांगू शकलं नसतं. आणि मला आजही वाटतं की चूक तिची नव्हती, साहेबांचीही फारशी नव्हती. मग ती कुणाची होती, हे मला कुणी सांगेल का? कुणाला तरी धरून झोडावं असं वाटायचं आणि हाताला कुणीच लागायचं नाही.

मी लिहायचं सोडलं नाही. खुलासा लिहिला, फोटो जोडले, तांड्याच्या सह्या-अंगठे घेतले. उत्तर आलं की विक्री निरंक असल्यानं खुलासा ग्राह्य धरता येत नाही. फेरतपासणी मागितली, तर ती पुढच्या आर्थिक वर्षात विचाराधीन. शेवटी याडीला घेऊन यवतमाळला गेले. मोठ्या साहेबांच्या दारात आम्ही दिवसभर बसलो. तिनं आणलेला डबा आम्ही दोघींनी आणि तिथल्या शिपायानं मिळून खाल्ला. साहेब भेटले ते निघता निघता. त्यांनी नियम सांगितला. मी वाद घालत होते, आणि याडीनं माझा दंड धरून मला थांबवलं.

"न्या साहेब," ती म्हणाली. "पन जिथं तूर हाये तिथं न्या. तिले उपाशी नका ठेवू."

साहेब बघू म्हणाले. मिल बाभुळगावच्या बाजूच्या एका गावातल्या गटाला गेली. त्या गटानं मसाल्याची चक्की मागितली होती.

टेम्पो आला त्या दिवशी मला तांड्यावर हजर राहावं लागलं, कारण ताबा दिल्या-घेतल्याच्या कागदावर माझी सही लागणार होती. माणसं पाना लावून बोल्ट सोडत होती, बायका गोठ्याच्या भिंतीला टेकून बघत होत्या. नायक आलाच नाही, त्याला ते बघवेना. याडी कुठे दिसेना म्हणून मी घरात डोकावले, तर ती चुलीशी. टेम्पोवाल्यांसाठी भाकरी टाकत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुमची मिल उचलून नेणाऱ्यांनाही जेवू घालता?

"त्याईले काय मालूम मॅडम? ते भाड्यानं आले. उपाशी उचलतीन तं पाडतीन तिले," ती म्हणाली. मी भाकरीची टोपली उचलून बाहेर नेली.

कुणाला वाटेल, इथे गोष्ट संपली. ज्यांना वाटेल त्यांनी याडीला ओळखलं नाही.

पुढच्या हंगामात राळेगावच्या बस स्टँडवर ती मला दिसली. तुरीच्या कट्ट्यांवर बसून एस.टी.ची वाट बघत होती. कुठे निघालात, विचारलं. मिलकडे, म्हणाली. ती त्या गावी जाऊन आली होती. मिल ताडपत्रीखाली झाकलेली. तिथल्या बायकांकडे तूरच फारशी नव्हती, त्यांना मिल नकोच होती, पण परत कुणाला करायची तेही ठाऊक नव्हतं. याडीनं त्यांना विचारलं, आमची तूर आणली तर चालवाल का? त्या हो म्हणाल्या. मग काय, तांड्यातल्या प्रत्येक घरचे कट्टे, आपापल्या चिंधीसकट, दोन एस.टी. बदलून तिकडे. येताना डाळ.

वाहक भांडायचे. बाई, ही एस.टी. आहे, मालगाडी नाही. ती सामानाचं तिकीट काढायची आणि पदरातला रोडगा त्यांच्या हातावर ठेवायची. मी म्हटलं, या वयात हे कट्टे चढवायचे-उतरवायचे, कंबर जाईल तुमची. तर म्हणाली, "आमचे आजे-पंजे बैलाईवर धान्य लादून मुलूख फिरत होते. मी तं बसून जातो." असं म्हणून ती खुशीत हसली. मला मात्र हसू येईना. ज्या डाळमिलसाठी सरकारनं एवढी छान छान वाक्यं लिहिली, तिच्यासाठी तांड्यातली म्हातारी तूर डोक्यावर घेऊन अर्धा जिल्हा ओलांडते आहे, हे मी कुठल्या रकान्यात भरायचं होतं?

आणि ऐका. त्या गावी तपासणी झाली त्या दिवशी याडीची तूर मिलमध्ये पडलेली होती. मिल धडधडत होती, कोंडा साहेबांच्या अंगावर उडत होता. संयंत्र चालू आढळले. मिल कायमची त्या गटाच्या नावावर झाली.

मी संतापानं ही बातमी तिला सांगायला गेले. वाटलं, आता तरी ती दोन शिव्या घालेल. तिनं ऐकलं आणि सुस्कारा टाकला. म्हणाली, बरं झालं, आता तिले कोनी हालवनार नाही.

त्यानंतरही एक हंगाम तिच्या फेऱ्या चालल्या. तांड्यात त्या वर्षी एक सून बाळंत झाली तेव्हा कोठीतून डाळ गेली, मी पाहिली आहे. घट्ट वरण होतं. याडी उंबऱ्यात बसून त्या पोरीला, "खाय, अजून खाय," म्हणत होती. मी निघाले म्हटलं तरी माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मी तिला पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवस पडून होती म्हणे. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

या वर्षी पुन्हा पत्र आलं. तालुक्याला एक डाळमिल, महिला गटाला प्राधान्य, लाभार्थ्याचं नाव तात्काळ कळवा. या खेपेला जागेची अट सैल केली होती, आणि विक्रीचा रकाना काढून त्याऐवजी गावातल्या गावात किती वापर होतो, तो लिहायचा होता. मी पत्र घेऊन त्याच दुपारी तांड्यावर गेले. सगळ्या बायकांना बोलावलं, वाचून दाखवलं. म्हटलं, आता सोपं आहे, आता तुमच्याच पद्धतीनं चालवता येईल.

मी एकेकीला विचारलं, अध्यक्ष कोण होणार? एक म्हणाली, घरी विचारून सांगते. दुसरी म्हणाली, सोयाबीनचं काम आहे. शेवटी गटातली एक जुनी बाई बोलली.

"तिच्यासारकं दारोदार कोन फिरन, मॅडम? अन् मिल चालली तरी पुन्हा नेतीन. आमी आता पुडीच आनतो."

मी खूप बोलले. समजावलं, विनवलं, आवाजही चढवला. बायका माना खाली घालून बसून राहिल्या. त्यांना मिल नको होती असं नाही. पुन्हा एकदा आस धरायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, आणि ती कुठल्या अनुदानातून आणायची हे मला माहीत नाही.

लाभार्थ्याचा रकाना मी कोराच पाठवला. दोन दिवसांनी वरून फोन आला. मॅडम, नाव राहिलंय. मी म्हटलं, लाभार्थी होती, साहेब.

"होती म्हणजे?"

"गेली."

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग इच्छुक लाभार्थी नाही, असं लिहून टाका ना," ते म्हणाले. "त्यात काय अडचण आहे?"